बिननावाचा पट्टा

शर्यतीची शिट्टी सांभाळणाऱ्या इगाराशींनी खोक्यातून पिवळे-पांढरे पट्टे काढले आणि रेषेवर उभ्या असलेल्या एकेकाच्या गळ्यात अडकवायला सुरुवात केली. सुमिएपाशी आल्यावर मात्र त्यांचा हात थबकला.

"तुम्ही राहू द्या, ताई," ते आवाज उतरवून म्हणाले. "तुमच्यासाठी थांबतो मी."

गावाची ही साखळी-शर्यत दर वर्षी थंडीच्या तोंडावर होते. संघाच्या नावाचा पट्टा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जात जात शाळेच्या मैदानावर पोचतो. फार मागे पडलेल्यांसाठी कोणी थांबत नाही. ठरलेली वेळ झाली की शिट्टी वाजते आणि त्यांचे पुढचे गडी बिननावाचा पट्टा घालून सुटतात. संघ बाद होत नाही. पण 'पट्टा तुटला' हे सांगताना इथली दांडगी माणसंही खाली बघतात.

सुमिएच्या संघाचा पट्टा निळा होता. त्यावरचं 'नागिसा' हे नाव तोकुजीने स्वतः शिवलं होतं, औषधाने थरथरणाऱ्या बोटांनी, तीनदा उसवून. आता तोच पट्टा घेऊन तो तिच्याकडे येत होता. सकाळी बसमध्ये तो एकच वाक्य बोलला होता, "माझ्या हातून तुटायला नको."

नागिसा म्हणजे इस्पितळामागचं दिवसाचं केंद्र. स्किझोफ्रेनिया झालेली माणसं तिथे सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात. गावाला एवढंच माहीत असतं आणि तेवढं त्याला पुरतं. फाटकासमोरून जाताना बायका पोरांचे हात घट्ट धरतात. गावातली तीच माणसं आज रस्त्याच्या कडेला झेंडे हलवत उभी होती.

व्यायाम घेणारा हानाई पहिल्या दिवशी म्हणाला होता, "गोळ्या डॉक्टर देतील, घाम मी काढणार." गोळ्यांनी सुमिए फुगली होती, दिवस-दिवस झोपून असायची. पहिल्यांदा ती फाटकापर्यंत चालली आणि तिथेच बसकण मारली. हानाईसुद्धा शेजारी बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटक, मग बंदराचा धक्का, मग दीपगृह. पळून आजार जात नाही. पळणाऱ्याच्या मागे तोही पळतो, फक्त धापा टाकत. पण दुकानात शिरल्यावर आपण काय आणायला आलो होतो हे सुमिएला आठवू लागलं. हे केवढं असतं ते ज्याचं हरवलंय त्यालाच विचारावं.

'सगळे तुझ्याकडेच बघतायत,' कानात आवाज आला. एरवी तो खोटारडा, पण आज खरं बोलत होता.

"काय काका, शिट्टी तोंडात धरून झोपलात काय?" शेजारचा रिकुया म्हणाला. हा बंबवाल्यांचा शेवटचा गडी. "वेळ होऊन गेली की."

"गप रे. जरा थांबलो तर तुझं काय जळतंय?"

"माझं कशाला जळेल? ताईंच्या कृपेने आमचाही पट्टा जुळेल. पण गेल्या साली आमचा माणूस समोर दिसत होता, हाक मारली तर ओ दिली असती त्याने. तेव्हा नाही थांबलात."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?" सुमिएने विचारलं.

इगाराशींनी तिच्याकडे बघितलं, मग बुटांकडे. "तसं नाही हो. तुम्ही लोक एवढ्या त्रासातून... तुम्हाला एवढी तरी सवलत..."

सुमिएने रस्त्याच्या वाकणाकडे पाहिलं. बंबवाल्यांचा जाडजूड मोरिशिता वळला होता आणि त्याच्या मागे तोकुजी. त्याने पट्टा खांद्यावरून काढून मुठीत घट्ट गुंडाळला होता, द्यायच्या तयारीत. अजून थोडा वेळ गप्प उभं राहिलं की झालं. कोणी तक्रार केली नसती. उलट टाळ्या पडल्या असत्या, डोळेही पुसले असते लोकांनी.

ती इगाराशींकडे वळली.

"आम्ही हळू पळालो," ती म्हणाली. "उशीर झाला. वाजवा."

"अहो ताई, गप बसा की!" रिकुया कळवळला. "जुळतोय ना दोघांचाही!"

"ताई, रागावू नका," इगाराशी म्हणाले, "पण तोकुजींना किती वाईट..."

"वाजवा."

तिने इगाराशींच्या हातातून पिवळा-पांढरा पट्टा ओढून घेतला आणि गळ्यात घातला. वाकणाकडे पुन्हा बघायचं नाही असं ठरवून मान पुढे केली. शिट्टी वाजली.

सुकवायला टांगलेल्या माकुळ माशांच्या ओळींमधून रस्ता वर चढत होता. मागून रिकुयाची कुरकुर ऐकू येत होती, "जुळला असता ना, ताई." चढ संपेपर्यंत ती कुरकुर पाठ सोडेना. सुमिएला मात्र पूर्ण वाटभर ती पट्टा गुंडाळलेली मूठ दिसत होती.

मैदानावर तंबूत डुकराच्या मांसाचं गरम सूप वाटत होते. तोकुजी गाडीतून आधीच पोचला होता. मांडीवर निळ्या पट्ट्याची घडी ठेवून तो बाकावर बसला होता. सुमिए त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, मी थांबले नाही."

"दिसलं मला."

त्याने सरकून जागा केली. ती बसली. त्याने वाडग्यात फुंकर मारली.

"वाकणावर आलो," तो म्हणाला, "तर सगळी उभीच. वेळ कधीच होऊन गेलेली, मला काय कळत नाही? म्हटलं, माझ्यासाठी उभी केलीत. वाटलं, आता कशाला पळायचं? चालायलाच लागणार होतो गं."

"मग?"

"मग वाजली." त्याने घोट घेतला. "तू पाठ फिरवलीस आणि सुटलीस. असा चिडलो मी! मग पळालो. आयुष्यात नाही पळालो तसा. मोरिशिताला रेषेच्या आधी गाठला आणि टाकला मागे."

सुमिए त्याच्याकडे बघतच राहिली. तंबूच्या दुसऱ्या टोकाला बंबवाल्यांचं टोळकं मोरिशिताला घेरून खिदळत होतं. तो लालबुंद झाला होता.

"ओ तोकुजीकाका!" तो तिथूनच ओरडला. "कोपर मारलंत मला! पुढच्या साली बघतो तुम्हाला!"

गावात कोणी तोकुजीवर असं ओरडलं नव्हतं. त्याच्याशी सगळे हळू बोलायचे, जपून, कडेकडेने.

तोकुजीने मागे वळूनही बघितलं नाही. सूप संपवलं, तोंड पुसलं.

"आधी शिट्टीच्या आत पोच, जाड्या!" तो ओरडला. "मग बघ!"