मधलं नाव

ज्योत हलत नव्हती. चिमणी पितांबरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती, दार लावलेलं होतं आणि ज्योतीचं टोक सरळ वर उभं होतं. त्याचे ओठ मिटलेले होते. नुसते मिटलेले नव्हे, एकमेकांवर दाबलेले. वरच्या ओठाच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती आणि गळ्याची एक शीर वर आली होती. ‘प’ म्हणताना ओठांमागे कोंडलेली हवा एकदम सुटते आणि ती सुटली की ज्योत लवते, हे कुंदाला ठाऊक होतं. आता हवा कोंडली होती, आणि सुटत नव्हती.

“राहू द्या,” ती म्हणाली. “पुन्हा करू. श्वास आधी सोडा, मग ओठ मिटा. हलके.”

“सोडला होता की,” पितांबर म्हणाला. हे मात्र अगदी सहज आलं.

तसा तो फार तोतरा नव्हता. लहानपणापासून त्याने वळसे घालायची सवय लावून घेतली होती. ‘पाऊस’ अडला तर ‘आभाळ आलं’ म्हणायचं, ‘बाजार’ अडला तर ‘खाली जाऊन येतो’ म्हणायचं. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत निम्म्या लोकांना वाटे की हा माणूस जरा कवितेसारखं बोलतो. पण नावाला वळसा नसतो. मुलाखतीत पहिला प्रश्न नावाचाच असतो, आणि त्या उत्तराला दुसरा शब्द नाही.

“बरं, मी विचारते,” कुंदा म्हणाली. “दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भर कशावर आहे?”

“अवजड उद्योगांवर. पहिलीत शेतीवर होता.”

“द्वैभाषिक राज्याबद्दल आपलं मत?”

“मत विचारणाऱ्याचं मत आधी बघावं.”

कुंदाला हसू आलं. “आपलं नाव?”

ज्योत सरळ उभी राहिली.

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याची आई, धुरपदाबाई, तूरडाळ निवडत बसल्या होत्या. त्या शिंदखेड्याहून आल्या होत्या त्या या दोघांना घेऊन जायलाच. पितांबर कापसाच्या ज्या जिनात लिहायला होता ते बंद पडून वर्ष होत आलं होतं. दिवाळीपर्यंत दुसरी नोकरी लागली नाही तर गावी थोरल्या भावाकडे, झुलालकडे जायचं असं ठरलं होतं, आणि दिवाळी आता तोंडावर आली होती. त्या घरात अन्नाला तोटा नव्हता. पण तिथे झुलालची पोरंसुद्धा काकाला ‘प-प-प’ म्हणून हाक मारत आणि झुलाल पोट धरून हसे.

“पोऱ्या बठ्ठं बोलस,” धुरपदाबाई म्हणाल्या, “आपलं नाव तेवढं बोलत नही. बैलसंगे तं फटाफट बोलस.”

“बैल नाव विचारत नाहीत, आई,” पितांबर म्हणाला.

कुंदाने बरेच प्रयोग करून पाहिले होते. तो गाताना अडत नसे. कुजबुजताना अडत नसे. ‘पाणी’, ‘पारोळा’, ‘पितळ’ ओळीने म्हणायला लावलं की तिन्ही धडधडीत निघत आणि चौथ्या शब्दाला ओठ चिकटत. एकदा तिला वाटलं होतं, आपणच नीट म्हणून दाखवलं तर? मास्तर म्हणतो, मागून मुलगा म्हणतो, तसं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते तिलाही म्हणता येत नाही.

लग्नात एकदा उखाण्यात तिने त्याचं नाव घेतलं होतं. त्यानंतर ‘अहो’, ‘हे’, ‘ऐकलं का’. धुरपदाबाईंचं तर विचारायलाच नको. सासरे, गिरधरनाना, जाऊन दहा वर्षं झाली तरी नावातलं ‘गिर’ तोंडी येऊ नये म्हणून त्या पिठाच्या गिरणीला गिरणी म्हणत नसत, चक्की म्हणत. “नवरानं नाव लिधं का त्यानं आयुष्य कमी व्हस,” हे त्यांनी सुनेला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. कुंदा जळगावला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. तिचा यावर विश्वास नव्हता. तरी जीभ वळत नव्हती, आणि याचं कारण तिला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला लताबाई राहत. मुलींच्या शाळेच्या त्या हेडमिस्ट्रेस. जूनपासून त्या कुंदाला नळावर गाठत होत्या.

“मला सायन्सला बाई मिळत नाही आणि तू घरात चिमण्या पेटवत बसलीस. पुढच्या सोमवारी नेमणुकीची कमिटी आहे. येऊन नुसती बस. नाव सांग, पुढचं मी बघते.”

“सांगते,” कुंदा म्हणाली.

“जूनपासून सांगतेच आहेस.”

यांचं आधी लागू दे, असं ती मनाशी म्हणे. पण खरं कारण त्याच्याही खाली होतं. ती शाळेत लागली की घर चाललं असतं, आणि घर चाललं की पितांबरला पुन्हा कुणी नाव विचारलं नसतं. तो बाईंचा नवरा झाला असता. ज्याला कुणी नाव विचारत नाही त्याला ते सांगता आलं काय, न आलं काय. शेवटच्या वेळी लताबाई बोलल्या तेव्हा तो मागेच बादली घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

त्या आठवड्यात जळगावच्या एका सहकारी सोसायटीत कारकुनाच्या जागेची मुलाखत होती. या खेपेला तीही बरोबर गेली. बसमध्ये पारोळ्यापर्यंत तो ओठ हलवत होता, आवाज न करता.

ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर आणखी एक उमेदवार होता, धरणगावचा चुडामण. अंगातला कोट त्याला खांद्यात मोठा होत होता.

“कोट मेहुण्याचा, बूट मामाचा,” तो आपणहून म्हणाला. “आत गेल्यावर मी किती उरतो ते बघायचं. हे तुमचे मालक? नाव काय त्यांचं?”

पितांबर शिपायाकडे बघू लागला.

“हां, तुम्ही कशा सांगाल,” चुडामण स्वतःच हसला. “विचारणाराच येडा.”

शिपायाने पितांबर गिरधर भदाणे अशी हाक मारली. किती सोपं असतं ते, कुंदाला वाटलं. त्या माणसाच्या तोंडात पान होतं, तरी ते निघालं.

दाराला अर्धा पडदा होता. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“या, बसा. आपलं नाव?”

वरचा पंखा कुरकुरत होता.

“नाव सांगा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दुसरा कुणी म्हणाला, “अहो, नाव विचारलंय, ताळेबंद नाही विचारला.” हसण्याचा आवाज झाला. तिसरा आवाज वयस्कर होता, चांगला होता. “घाबरू नका. अर्जावर आहेच, पण आपल्या तोंडून ऐकू द्या. इथे रोज शंभर माणसांशी बोलायचं आहे.”

पंखा.

“विसरलात की काय? बाहेर सोबत कुणी असेल तर त्यांना विचारू?”

पुन्हा हसले.

कुंदा उठून उभी राहिली. पडदा हाताच्या अंतरावर होता. तिने श्वास आधी सोडला, मग ओठ मिटले, हलके. चुडामण बघत होता. शिपाई बघत होता. ओठ मिटले ते मिटलेच. मागे हवा कोंडली, गळा ताठ झाला, कानात दडे बसले. त्याच्या गळ्यात आता या क्षणी काय होत असेल, जे बाहेरून पाहून इतके महिने कळलं नव्हतं, ते तिला कळलं. आत कागद सरकल्याचा आवाज झाला. “ठीक आहे. या आपण,” वयस्कर आवाज म्हणाला.

परतीच्या बसमध्ये एरंडोल मागे पडलं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला होता. पितांबर खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तू उभी राहिली होतीस.”

“हो.”

“पडद्याखालून पाय दिसले. मला वाटलं, तू सांगशील.”

त्याच्या बोलण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. पारोळ्याला तो उतरला, तिच्यासाठी पाणी घेऊन आला आणि पुन्हा खिडकीशी बसला. आता त्याचे ओठ हलत नव्हते.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. धुरपदाबाईंनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

“काय व्हयनं?”

“नाव विचारलं,” पितांबर म्हणाला.

कोपऱ्यातलं गाठोडं ओढून त्या लुगडी घडी करू लागल्या. “चाल मंग घर. झुलाल वाट दखी ऱ्हायना.”

पितांबरने चिमणी पेटवली. कुंदाला वाटलं, तो सरावाला बसतो आहे. पण त्याने चिमणी उचलून तिच्यासमोर ठेवली, वीतभर अंतरावर, आणि तो पलीकडे मांडी घालून बसला.

“आपलं नाव?” तो म्हणाला.

हा प्रश्न त्याला न अडखळता येत होता. इतक्यांदा त्याने तो ऐकला होता.

“हे काय,” ती म्हणाली.

“सोमवारी विचारतील. आपलं नाव?”

“कुंदा.”

“पूर्ण सांगा. कमिटीत पूर्ण नाव लागतं.”

धुरपदाबाईंचे हात लुगड्यावर थांबले. पितांबर कुंदाकडे बघत नव्हता. तो ज्योतीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, मालक गेल्यावर फळ्या लावून घेतलेल्या दुकानासारखा तो दिसत होता. आपण बोललो की हा माणूस पुन्हा कधी या चिमणीपुढे बसणार नाही, हे तिला कळत होतं. न बोललो तर उद्या सकाळची शिंदखेड्याची गाडी होती, आणि अंगणात झुलालची पोरं.

तिने श्वास आधी सोडला.

“कुंदा पितांबर भदाणे,” ती म्हणाली, आणि मधल्या नावाला ज्योत लवली. “सोमवारी कमिटीपुढे मी जाणार आहे.”