गुरुवारची खुर्ची

मित्रांनो, मी दात तपासायची एक जुनी खुर्ची आहे. सध्या माझा मुक्काम आरोग्य केंद्राच्या मागच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीला लागून आहे. माझी पाठ मध्येच अडकून बसल्यामुळे मी धड उभीही नाही आणि धड आडवीही नाही. पण माझेही दिवस होते.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिरांनी माझ्या अंगावर हिरवे रेग्झिन असे ताणून बसवले, की एक सुरकुती सापडेल तर शपथ. मला वाटले होते, आपण शहरातल्या एखाद्या काचेच्या दवाखान्यात जाणार. पण एका संस्थेने खेड्यातल्या लोकांच्या उपचारांसाठी अनुदान दिले आणि माझी रवानगी थेट डोंगरापलीकडच्या या केंद्रात झाली. ट्रकमध्ये माझी हाडे खिळखिळी झाली, ती गोष्ट वेगळी! त्याच अनुदानातून माझा दिवा आला आणि दर गुरुवारी शहरातून येणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची सोयही झाली. ती सोय तीन वर्षांपुरती होती. पण आनंदाच्या भरात ते कोणाच्या कानात शिरले नाही.

पहिल्या गुरुवारी माझ्यात बसायला कोणी तयार होईना. तेवढ्यात गावातले न्हावी पुढे झाले. त्यांची जीभ दिवसभर थांबत नसे, म्हणून सगळे त्यांना रेडिओमामा म्हणत. माझ्या हातावर थाप मारून ते म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांना खुर्चीत बसवून त्यांची मुंडकी धरली. आज माझी पाळी!"

"मामा, आता गप्प बसून तोंड उघडा," बाई म्हणाल्या.

"बाई, दोन्ही एकदम कसं जमायचं?"

सगळी खोली हसली. हसल्या नाहीत त्या फक्त बाई. त्यांनी माझा दिवा खाली ओढला. मामांच्या जिभेच्या कडेला एक पांढरा डाग होता. बाईंनी त्याचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. पुढच्या वेळी त्या स्टूल ओढून मामांच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आज हा कर्करोग नाही. पण उद्या होऊ शकतो. तंबाखू सोडायची आणि मला हा डाग दाखवत राहायचं. कबूल?"

मामांनी तंबाखू सोडली. केंद्रातल्या नर्सबाईंनी, म्हणजे आमच्या सिस्टरांनी, कौतुक केले, तर म्हणाले, "करतो काय! बाई गुरुवारी तोंड उघडायला लावतात. लबाडी लपवू कुठं?" हळूहळू डाग फिका पडू लागला. लोक मला जपत. सिस्टर स्वतः मऊ फडक्याने मला पुसत. कोणाची सूज उतरली, कोणाला पुन्हा नीट जेवता येऊ लागले. त्या दिवसांत मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटे.

तीन वर्षे सरत आली. संस्थेने विचारले, "पुढेही डॉक्टर हवेत का? तसं कळवा." केंद्राचे मोठे डॉक्टर म्हणाले, "कळवू की, या आठवड्यात." ते काही वाईट गृहस्थ नव्हते. एकटेच तिघांचे काम ओढत होते. पण त्याच सुमारास गावोगाव तापाची साथ आली आणि कळवायचे राहून गेले. संस्थेला वाटले, इथे गरज उरली नसेल. बाईंचे येणे थांबले.

माझ्या खोलीला कुलूप लागले. पाहुणे यायचे असले, की मला पुसत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत आणि पुन्हा कुलूप घालत.

एका गुरुवारी मामा आले. सिस्टरांनी दार उघडले आणि माझा दिवा लावून पाहिले. डाग आता लाल होता आणि मधोमध जखम होती. मामांच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. विचारणारे कोणी उरले नाही, तशी ती सवय परत आली होती.

"मामा, मला हे बरं दिसत नाही. उद्याच्या उद्या शहरात जा."

"जातो की! पण दुकान बंद ठेवलं, तर अख्खं गाव अस्वल दिसेल त्याचं काय?"

सिस्टर हसल्या नाहीत. मामा मात्र हसत हसत गेले. कधी बस चुकली, कधी मुलीची परीक्षा आली. जेवताना घास गिळवेना, तेव्हा ते शहरात पोहोचले. डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला. जिभेचा मोठा भाग मात्र काढावा लागला.

परत आल्यावर ते गळ्यावरची पट्टी बदलायला केंद्रात आले. झाडलोटीसाठी माझी खोली उघडी होती. ते आत आले, माझ्यात टेकले आणि नुसते बसून राहिले. मी आधी कधी त्यांना गप्प बसलेले पाहिले नव्हते. सिस्टर दारातूनच मागे फिरल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पुढे दुसऱ्या संस्थेचे अनुदान आले. त्यातून काय आले असेल? नवी खुर्ची! निळी, बटणांची. मला उचलून त्याच खोलीच्या खिडकीबाहेर, व्हरांड्यात टाकले. नवीच्या स्वागताला पाहुणे जमले, भाषणे झाली, चहा आला. आता मामांचे दुकान त्यांची मुलगी चालवते. ती बापाचा हात धरून उभी राहिली.

"खुर्ची छान आहे," ती म्हणाली. "डॉक्टर कोणत्या वारी येणार?"

पाहुण्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिले. मोठ्या डॉक्टरांनी पाहुण्यांकडे पाहिले. मामा काहीतरी बोलू पाहत होते, पण शब्द उमटेना. शेवटी एक पाहुणीबाई हळूच म्हणाल्या, "याचं उत्तर आज आमच्याकडे नाही."

निळी खुर्ची अजून प्लॅस्टिकच्या कव्हरात आहे. मला तिचा हेवा वाटत नाही, कीव येते.

मित्रांनो, मला कोणी पुन्हा रंगवावे, आत न्यावे, असे माझे मागणे नाही. तुमच्या गावात मदतीतून एखादी वस्तू आली, तर टाळ्या जरूर वाजवा. पण घरी जाण्याआधी विचारा, की ती चालवणारे माणूस कोण आणि ते किती दिवस राहणार. उत्तर मिळाले नाही, तर पुन्हा विचारा. कोणी तोंड चुकवले, तरी विचारत राहा. रेडिओमामांना आता विचारता येत नाही.