पुस्तकातली आई

मुलगा गेल्याची बातमी आईच्या आधी सुनेला कळली, ही गोष्ट लाँड्रीवाल्या बाईंनी कधीच माफ केली नव्हती. मुलाला घरी गुंड्या म्हणायचे; तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत काम करता करता त्याचं हृदय बंद पडलं, आणि कंपनीनं फोन केला तो बायकोला. खाली दुकानात बाई पडद्यांना इस्त्री करत होत्या आणि वरच्या मजल्यावर सून ती बातमी घेऊन एकटीच बसली होती. जिना उतरून यायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ गुंड्या फक्त तिचा होता. बाईंच्या मनातून हे जाता जात नव्हतं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. सून माहेरी गेली नाही. सकाळी शाळेत शिकवायची, दुपारी वरच्या खोलीत बसून लिहायची. दोघी एकाच टेबलावर जेवायच्या आणि मीठ पुढे सरकवण्यापुरतं बोलायच्या. मग एक दिवस सुनेची कादंबरी छापून आली. तिच्यात लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस मरतो आणि मेल्यावर अशा इमारतीत पोचतो, जिचे मजले संपतच नाहीत. खाली जिवंत माणसांत त्याची बायको त्याला आठवत राहते.

पहिली प्रत सुनेनं सासूच्या हातात ठेवली. "आई, वाचाल ना?"

"बघू," बाई म्हणाल्या आणि पुस्तक साबणाच्या डब्यांमागे सरकवून दिलं.

पण गल्लीनं ते वाचलं. दातांची डॉक्टरीण कोट टाकायला आली ती डोळे पुसतच. "काय लिहिलंय हो तुमच्या सुनेनं! मी तर ढसाढसा रडले. किती जीव होता तिचा त्याच्यावर!"

"कोटाची बटणं सैल झालीत," बाई म्हणाल्या. "घट्ट करून ठेवते."

औषधवाला तेच बोलला. समोरच्या शिंप्याची बायकोही तेच. सगळे आता सुनेचा हात हातात घेत होते, तिला खुर्ची देत होते. बाई वाफेच्या इस्त्रीपाशी उभ्या राहून आतल्या आत जळत होत्या. पोर माझं, आणि रडायचा मान हिला!

वाचनालयात कादंबरीच्या वाचनाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा बाई ठेवणीतला कोट घालून पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. लोक भारावून ऐकत होते. सून वाचत होती, "तो कामावरून परत यायचा तेव्हा जिन्यावरून त्याची शीळ आधी यायची, मग तो."

"शीळ?" बाई मोठ्यानं बोलल्या. "माझ्या मुलानं जन्मात कधी शीळ घातली नाही."

सगळे वळून बाईंकडे बघू लागले. सुनेनं पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

"घालायचा, आई. लहानपणी तुम्ही एकदा शिळेवरून त्याला मारलं होतंत ना, म्हणून दुकान ओलांडेपर्यंत गप्प असायचा. वरचा जिना लागला की सुरू करायचा."

कुणीतरी हळूच हसलं. वाईट हेतूनं नाही, पण हसलं. बाई उठल्या आणि चालू लागल्या. रस्ताभर त्यांच्या कानात न ऐकलेली शीळ वाजत होती. इतकी वर्षं तो त्यांच्या डोक्यावर, एका छताच्या अंतरावर शीळ घालत होता, आणि ती सगळी त्या दुसरीनं ऐकली होती.

रविवारी दुकान बंद असतं. बाईंनी साबणाच्या डब्यांमागून पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि चुका शोधायला बसल्या. दुपारी जेवल्यासुद्धा नाहीत. कादंबरीतला माणूस एकेका मजल्यावर उतरत होता, अनोळखी दारं वाजवत होता. शेवटी एका मजल्यावर त्यानं वाजवण्याआधीच दार आतून उघडलं गेलं. दारात त्याची आई उभी होती. त्याच्या आधीच वारलेली. हातावर इस्त्रीच्या चटक्याचा डाग.

बाई पुस्तक घेऊन तशाच जिना चढल्या.

"मला मारलंस?"

सून वह्या तपासत होती. तिनं वर पाहिलं. "वाचलंत?"

"मी इथे धडधाकट उभी राहून लोकांचे कोट धुतेय आणि तू मला वर पाठवून मोकळी झालीस! तेही त्याच्या आधी! इतकी सलते मी तुझ्या डोळ्यांत?"

"बसा ना, आई."

"नाही बसत."

"तिथे त्याला एकटं ठेवायचं नव्हतं मला," सून म्हणाली. "आधी लिहिलं तेव्हा दार बायकोनं उघडलं होतं. म्हणजे मीच मेलेली. तो दारात छान हसला आणि म्हणाला, 'आई कुठाय?' मी ती पानं फाडली. परत लिहिलं. परत तेच. माझ्याच हातचा माणूस, पण माझं ऐकेना." तिचा आवाज चढला. "ताप आला की तो तुम्हालाच हाका मारायचा. कपाळावर ओला रुमाल धरून शेजारी मी बसलेली, आणि हाक तुम्हाला! कधी सांगितलं नाही तुम्हाला. का सांगू? तुमचा हेवा वाटायचा मला. अजून वाटतो."

बाई आता खुर्चीत बसल्या. आपला कुणी हेवा करावा असं आपल्याकडे काही आहे, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

त्यांनी ते पान उघडलं आणि त्या म्हणाल्या, "दार उघडल्यावर ती काहीच बोलत नाही. प्रकरणच संपतं."

"मला सुचलंच नाही. तुम्ही काय म्हणाला असतात?"

बाईंना ठाऊक होतं. अगदी शब्दनशब्द ठाऊक होतं. त्यांनी पुस्तक मिटलं.

"नाही सांगणार. तेवढं माझं राहू दे."

 सून मान हलवून म्हणाली, "बरं. मीसुद्धा सगळं लिहिलेलं नाही."

"काय नाही लिहिलंस?"

"नाही सांगणार."

दोघींनाही हसू येता येता राहिलं.

त्यानंतर दोघी जेवताना बोलू लागल्या, म्हणजे भांडूही लागल्या. कुणी कादंबरीचं कौतुक केलं तर बाई आता "हो, बरं लिहिते" एवढं म्हणतात. पण दुकानात कुणी नसलं की तेच पान उघडतात. ती पुस्तकातली बाई, त्यांच्याच वयाची, त्यांच्याच हातांची, दार उघडते आणि समोर गुंड्या उभा असतो. आता सुनेवरचा राग तेवढा उरलेला नाही. तो सगळा या बाईवर आलाय. वेळेवर गेली आणि पोराजवळ पोचली.

"मेली नशिबाची!" बाई पुटपुटतात आणि इस्त्री चालू करतात.