देवी टोचल्याचा शनिवार

एलिझरच्या दंडावरची ती खपली आता एका कडेवर कशीबशी टेकून होती. तांबूस-काळी, वाळलेली... दिनाला ती नखाने अलगद उचलावीशी वाटे आणि ती आपलाच हात मागे घेई, कारण टोचणाऱ्याने बजावलं होतं, हात लावू नका, आपली आपण पडेल. त्याला मात्र या दागिन्याची काडीइतकी फिकीर नव्हती. सव्वा वर्षाचं ते पोर तांबड्या पोह्यांच्या सुपात दोन्ही मुठी घालून बसलं होतं.

"अरे लबाडा, संध्याकाळपर्यंत तरी ठेव. मलिद्याचे पोहे आहेत ते."

मलिदा... पोहे भिजवायचे, गूळ-खोबऱ्यात कालवायचे, भोवती फळं मांडायची आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे. तिकडे रेवदंड्याला मलिदा म्हणजे घरभर बेने इस्रायली नातलग, पाटावरून उठायला जागा नाही. इथे पार्से गावात आपलं म्हणावं असं हे एकच घर. गोवा मोकळा झाला, मराठी शाळांना मास्तर हवे झाले, म्हणून दिनाचे यजमान शलोम मास्तर आले, त्यांच्यामागून दिना आली, आणि तिच्यामागून — छे, तिच्या दोन पावलं पुढेच — सासू सिमहाबाई आल्या. प्रार्थनेला खरं तर दहा पुरुष लागतात. "नाहीत तर नाहीत," सिमहाबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, "आपण कुठे राहतो ते त्याला ठाऊक आहे."

दिना आडोळीवर नारळ खवायला बसली. खर्र... खर्र... टोचणीच्या त्या शनिवारीही हाच आवाज होता, फक्त तो शेजारून, शेवंतीच्या घरातून येत होता, कारण या घरात शब्बाथला, ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याला, काही खवत नाहीत, कापत नाहीत, पेटवत तर नाहीतच. एकदा शनिवारी दिनाने दिव्याची वात नुसती सारखी केली, तर सासूबाईंनी रविवार उजाडेपर्यंत अबोला धरला होता. अशी ही बाई. देवीच्या वणांनी भरलेला तो चेहरा रागावला की दिनाला त्याच्याकडे बघवत नसे... लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिने त्या चेहऱ्याकडे नीट असं कधी पाहिलंच नव्हतं.

आणि त्या आठवड्यात नदीपलीकडे देवी निघाल्या. एका घरातलं लेकरू गेलं. टोचणारा मास्तरांच्या शाळेच्या पडवीत येणार, आणि येणार तो नेमका शनिवारी. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या गावाला, पुन्हा कधी, कोण जाणे. सुई ज्योतीवर धरायची, कातडीतून रक्ताचा थेंब काढायचा... शब्बाथला आग नाही आणि रक्तही नाही. शलोम मास्तर धाकट्या भावाच्या लग्नाची बोलणी करायला रेवदंड्याला गेलेले. विचारायचं कुणाला? शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावताना दिनाने नुसतं कानावर घातलं, उद्या टोचणारा येतोय. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे नकारच, अशी तिची इतक्या वर्षांची खात्री.

मग तिने काढायची ती वाट काढली. शनिवारी शेवंती चूल पेटवून द्यायला यायची. तिला तसं सांगायचं नसतं, सुचवायचं असतं. "आज गारवा आहे नाही गं?" एवढं म्हटलं की शेवंती हसून चुलीपुढे बसे. त्या सकाळी ती खोबऱ्याने भरलेले हात तसेच घेऊन आली आणि दिना त्याच सुरात म्हणाली, "शाळेत टोचणारा आलाय म्हणे. माझ्याने काही नेववणार नाही..."

शेवंतीने ते चुलीइतक्याच चटकन ओळखलं. "हात्तिच्या! तुझो झील मी व्हरतंय गे बाय. तुमच्यात देवी नाय, तुमका कसलो भंय? माझ्या रुक्मिणीक मात्र सासू सोडूची नाय. देवी आपल्या पायांनी येता, तिका सुयेन बोलयली तर खवळता, म्हणता ती." आणि तिने एलिझरला कडेवर घेतलंसुद्धा.

"ठेव त्याला खाली."

आतल्या खोलीच्या दारात सिमहाबाई उभ्या होत्या. संपलं, दिनाला वाटलं. पोर गेलंच म्हणायचं हातातून...

"चूल पेटवतेस ते उपकार आहेत तुझे, शेवंती," सासूबाई म्हणाल्या. "पण हे काम दुसऱ्याच्या हाताने करून घ्यायचं नसतं. जिवावर बेतलं की शब्बाथ घरातल्या थोरानंच मोडायचा, आपल्या हातानं. माझा बाप सांगून गेलाय." मग दिनाकडे वळून, "बघतेस काय अशी? आज एक शब्बाथ मोडेल, पण पोर पुढे पुष्कळ शब्बाथ पाळील. पदर घे डोक्यावर, चल."

त्यांनी एलिझरला घेतलं. छातीशी घट्ट धरलं. ओठ सारखे हलत होते, आवाज मात्र नव्हता.

शेवंती त्या ओठांकडे बघत राहिली. "आजयेक भंय दिसता," ती दिनाच्या कानाशी आली. "म्हणजे तुमचो देव पण खवळता?"

"खवळतो, असं त्यांना वाटतंय."

"आनी तरी जाता ती?"

दिनाने पदर डोक्यावर घेतला आणि ती सासूबाईंच्या मागे निघाली. पडवीत सासूबाईंनी पोराचा दंड स्वतः धरला, सुई ज्योतीतून निघाली, रक्त दिसलं, आणि त्यांनी तोंड फिरवलं नाही. दिनानेच फिरवलं. तर मागे, रांगेत, विस्कटल्या केसांच्या रुक्मिणीला घट्ट धरून शेवंती उभी. हात अजून खोबऱ्याने भरलेलेच. पोर रडत होती आणि आईही...

"किती खवशील? पोह्यांपेक्षा खोबरं जास्त झालं," सासूबाई आल्या, आजच्या मलिद्याचे खजूर निवडत बसल्या. मागोमाग शेवंती केळ्यांची फणी घेऊन दारात. रुक्मिणीची खपली कालच पडली होती, ते ती साऱ्या गावाला दाखवत होती.

"तुझी सासू बोलते का आता?" दिनाने विचारलं.

"बोलणा खंयची! पण सकाळी चेडवाचो हात उलटसुलट करून बघी होती. कोण नाय बघून." शेवंती हसली. "ही केळी पण तिच्याच झाडाची. व्हर म्हणाली नाय, पण नको पण म्हणाली नाय."

ती गेल्यावर दिनाने इतके दिवस ओठांवर अडलेलं विचारलं. "आई, त्या दिवशीचं... पाप लागलं असेल का?"

खजुरातली बी काढून सिमहाबाईंनी ती बाजूला ठेवली. "लागलं असलं तर माझ्या नावावर. तू खोबरं आवर."

बस्स, एवढंच. त्या बाईला शब्बाथपेक्षा प्रिय काय होतं या जगात? आणि तोच तिने माझ्या पोरासाठी, पडवीत, चारचौघांसमोर... उपकार मानायचे ते कुणाकुणाचे? देवाचे, त्या टोचणाऱ्याचे, शेवंतीचे. पण आधी यांचे, आणि यांना 'आभार' म्हणायची सोय नाही. म्हटलं तर म्हणतील, डोकं फिरलं का तुझं.

शलोम मास्तर अलीकडे इस्रायलच्या गोष्टी बोलतात. तिकडे आपले कितीतरी लोक गेले. जाऊ, न जाऊ... कोणास ठाऊक. सासूबाई येतील? एलिझर कुठल्या गावात आपले पुष्कळ शब्बाथ पाळील?

पोहे उधळून कंटाळलेलं पोर आजीच्या अंगावर चढलं, मान टाकून तिच्या खांद्यावर निजलं. दिना त्याला घ्यायला वाकली आणि थबकली. दंडावर खपली नव्हती. ती सासूबाईंच्या पदराच्या विणीत अडकली होती, त्यांना पत्ताही नव्हता. दंडावर राहिला होता कोवळा, गुलाबी, इवलासा खड्डा. आणि त्याला टेकून, अगदी तसाच, सासूबाईंच्या गालावरचा जुना वण. एका वणाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा...

तो सगळा चेहरा दिना पहिल्यांदाच पाहत होती.

"काय गं?" सिमहाबाईंनी विचारलं.

"काही नाही," दिना म्हणाली. मलिदा कालवायचा होता, दिवस उतरत आला होता. पण ती तशीच वाकून राहिली, खोबऱ्याने भरलेले हात पुढे धरून, आणि तिची नजर काही केल्या त्या चेहऱ्यावरून हलेना.