थॉर्नली: 'ते' की 'तो'?

जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहरात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने २०१६ साली देवदत्तांना केक खाऊ घालून वेळेआधीच घरी बसवलं. त्यांची बायको सुरुची आदल्याच वर्षी गेली होती. आता त्यांना 'अहो' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. सकाळी ते स्वतःलाच म्हणत, "ऊठ रे आता."

रिकामपणाची कामगिरी म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून १८८९ सालचं एक इंग्रजी फुटबॉलचं पुस्तक आणलं. त्यात हौसेने खेळणाऱ्या साहेबांच्या नावाआधी 'मिस्टर' होतं, आणि पगार घेऊन खेळणाऱ्यांचं नुसतंच आडनाव. गिरणी सोडून गोलकीपर झालेला थॉर्नली असाच उघडाबोडका छापलेला. देवदत्तांना ते झोंबलं.

"कष्टाचं खातो म्हणून मान नाही? मराठीत देतो मी!" असं भिंतीला ठणकावून ते थॉर्नलींचं चरित्र लिहायला बसले. इंग्लंडमधल्या ग्रंथालयाला पत्रं पाठवून त्यांनी माहिती जमवली. हा खटाटोप अर्थात मुलीसाठी होता. फ्रँकफर्टला नोकरी करणारी स्वरूपा शाळेत गोलकीपर होती. आई गेल्यापासून ती फोनवर जर्मनच बोले, तेही दोन मिनिटं. तिने हे वाचावं आणि एकदा तरी मराठीत पोटभर बोलावं, एवढीच त्यांची आस होती.

चाळीस पानं पाठवून तीन आठवडे झाले. दर रविवारी 'वाचशील ना?' असं विचारलं की तिचं एकच, "जा, पापा, जा." हे 'जा' म्हणजे जर्मन होकार, पण देवदत्तांना ते दर वेळी मराठीच ऐकू येई.

चौथ्या रविवारी ती चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, सगळं वाचलं. एक चूक आहे. आधी 'ते आले, ते खेळले'. मग गुडघा मोडतो, क्लब काढून टाकतो. तिथून पुढे 'तो'. का?"

देवदत्तांनी पानं उलटली. खरंच की. 'तो फाटकावर तिकिटं फाडू लागला. तो एकटाच जेवत असे.' साहेबांना नावं ठेवता ठेवता त्यांनी स्वतःच थॉर्नलींचा मान काढून घेतला होता, आणि त्यांना पत्ताही नव्हता. त्यांना फार लाज वाटली.

"नजरचूक," ते पुटपुटले. "दुरुस्त करतो."

जन्मभर बापाला 'तू' म्हणत आलेली स्वरूपा अडखळत म्हणाली, "बाबा, तुम्ही... तुम्ही एकटेच जेवता?"



"जा," ते कसंबसं म्हणाले; आणि ती ते मराठी 'जा' समजेल या धास्तीने घाईघाईने म्हणाले, "म्हणजे हो गं. हो."