पहिली जोडी

टेप शोधायला म्हणून प्रमोदिनीने अनुराधाच्या बॅगेत हात घातला आणि हाताला टॉवेल लागला. जांभळा, कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने भरलेला किल्ला. हे कॅसलफील्डचं चिन्ह होतं, आणि कॅसलफील्डच्या मुली अर्ध्या तासात मॅच खेळायला याच हॉलमध्ये येणार होत्या. तिने टॉवेल अर्धवट बाहेर ओढला, कुणी बघतंय का ते पाहिलं आणि होता तसा आत कोंबला.

टेप बाजूच्याच कप्प्यात होती. ती घेऊन प्रमोदिनी ट्रेसीच्या घोट्याशी बसली. हात सवयीने चालत होते. ती कॉलेजात फिजिओथेरपी शिकवायची. बायकांची बॅडमिंटन टीम ही तिची हौस, गेली आठ वर्षं एक पैसा न घेता चालवलेली.

"काकू, सापडला का टेप?" अनुराधाने कोर्टावरून विचारलं. इंग्लंडात वाढलेल्या पोरीचं मराठी असंच.

"सापडली," प्रमोदिनी म्हणाली.

"आज माझा आणि ट्रेसीचा फर्स्ट पेअर बघाच तुम्ही. फुल धमाल करणार आम्ही."

प्रमोदिनीने टेप दातांनी तोडली. ट्रेसी कळवळली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की पट्टी जरा जास्तच आवळली गेलीय.

कुठेतरी पाणी मुरत होतं, ते काही आजपासून नाही. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी सकाळी ती लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर कोथिंबीर आणायला गेली होती. अनुराधाच्या वडिलांच्या वर्तमानपत्रांच्या दुकानासमोर शशिधरची पांढरी व्होल्वो उभी होती. शशिधर राहायचा लेस्टरलाच, पण नोकरी कॅसलफील्ड युनिव्हर्सिटीत, आणि तिथल्या बायकांच्या टीमचा कोचही तोच. दुकानातून अनुराधा बाहेर आली ती रॅकेट घेऊन, इकडेतिकडे पाहत, आणि टुणकन गाडीत बसली. प्रमोदिनी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन रस्त्याच्या या बाजूला खांबासारखी उभी राहिली.

"लिफ्ट दिली असेल," घरी राजीव म्हणाला होता. राजीव तिचा नवरा, हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. लोकांना झोपवता झोपवता स्वतःही कायम शांत.

"रविवारी सकाळी आठ वाजता? रॅकेट घेऊन? कुठे, देवळात?"

"तू खरं म्हणजे स्कॉटलंड यार्डातच जायला हवं होतंस."

"हसा तुम्ही. तुमचा तो मित्र गोड बोलून माझी टीम फोडतोय."

राजीवने टोस्टला लोणी लावायला घेतलं. त्याच्या लेखी विषय संपला होता. तिच्या लेखी तो तिथून सुरू झाला.

कारण वर्षच तसं होतं. पॉलिटेक्निकांच्या दोन वर्षांपूर्वी युनिव्हर्सिट्या झाल्या होत्या आणि आता खेळांच्या लीगही एकात एक मिसळत होत्या. लहान कॉलेजांची आणि पॉलिटेक्निकांची मिडलंड्सची लीग, जिच्यात प्रमोदिनीचं ॲबीगेट कॉलेज इतकी वर्षं सुखाने खेळत होतं, ती या उन्हाळ्यात बंद होणार होती. सप्टेंबरपासून सगळ्यांची मिळून एकच मोठी लीग. लांबलांबचे प्रवास, मोठमोठी नावं. जुन्या लीगमधल्या पहिल्या चार टीम तेवढ्या नव्या डिव्हिजनमध्ये, बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं. कॉलेजचा स्पोर्ट्स प्रमुख डॉबसन. त्याने प्रमोदिनीला ऑफिसात बोलावून, खुर्ची देऊन, बिस्किटं पुढे करून सांगितलं होतं, पहिल्या चारात आलात तर हॉल आणि मिनीबस तुमची. नाहीतर बुधवारची दुपार फाइव्ह-अ-साइड फुटबॉलवाल्यांना. बिस्किटं पुढे केली तेव्हाच तिने ओळखलं होतं.

आणि आज, मार्चमधल्या शेवटच्या बुधवारी, ॲबीगेट आणि कॅसलफील्ड चौथ्या जागेसाठी समोरासमोर होते. जिंकणारा राहणार, हरणारा जाणार.

शशिधरला चांगलं माहीत होतं की ॲबीगेट म्हणजे अनुराधा आणि ट्रेसी. टीमच्या तीन जोड्या, समोरच्याही तीन, प्रत्येक जोडी प्रत्येकीशी खेळणार, नऊतल्या पाच जिंकायच्या. आणि अनुराधा-ट्रेसी तिन्हीच्या तिन्ही जिंकून यायच्या, हे वर्षभर ठरलेलंच. तेव्हा ती पोरगी फितवली की काम झालं. पुढच्या वर्षी आमच्याकडे ये, मोठी युनिव्हर्सिटी, मोठा हॉल, फक्त आज जरा हात सैल सोड. असंच काहीतरी. प्रमोदिनीला शशिधरचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला होता.

ज्या पोरीला तिने बारा वर्षांची असताना मंडळाच्या गणपतीत पहिल्यांदा रॅकेट धरायला शिकवलं, ती. याचं तिला फार लागलं होतं. राग आला असता तर बरं, पण हे रागाहून वाईट होतं.

कॅसलफील्डच्या मुली आल्या. शशिधर मागून आला, स्कार्फ गुंडाळलेला, हसतमुख.

"काय वहिनी, चटणी सँडविच आहे ना आज? माझ्या पोरी मॅचपेक्षा त्याच्यासाठी आल्यात."

"आहे की. आमच्याकडे पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत," ती म्हणाली. "नव्या लीगमध्ये ही पद्धत नसणार म्हणे. तेव्हा खाऊन घ्या."

मॅचनंतर यजमानांनी पाहुण्यांना चहा द्यायचा, ही जुन्या लीगची रीत. बाकीची कॉलेजं हॅमचे तुकडे मांडत. प्रमोदिनी सकाळी उठून कोथिंबीर-मिरचीची चटणी वाटायची, काकडीच्या चकत्या, बटाट्याची भाजी. डर्बीच्या मुली तर डबे घेऊन यायच्या.

शशिधरने अनुराधाकडे पाहून हात हलवला. अनुराधाने घाईघाईने बुटाची नाडी बांधायला घेतली. ती आधीच बांधलेली होती.

झालं. प्रमोदिनीने जोड्यांचा कागद पुढे ओढला. अनुराधा आणि ट्रेसी एकत्र राहिल्या आणि अनुराधाने हात सैल सोडला, तर तीन मॅचेस हातच्या जाणार. त्यापेक्षा ट्रेसीला भावनाबरोबर द्यावी, ती जोडी तरी भरवशाची. अनुराधाच्या गळ्यात हेलन. हेलन सगळ्यांत कच्ची. बुडाली तर ती एकच जोडी बुडेल. तिने नावं लिहिली आणि कागद शशिधरच्या हातात दिला. त्याने वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

मुलींना सांगितलं तेव्हा ट्रेसीचं तोंड उघडंच राहिलं.

"पण काकू, आमचा प्लॅन..." अनुराधा म्हणाली.

"कसला प्लॅन?"

अनुराधाच्या मानेवर लाली चढली. "काही नाही," ती म्हणाली आणि हेलनला घेऊन कोर्टावर गेली.

ती लालीही प्रमोदिनीने मनातल्या मनात हिशेबात धरली.

मॅच सुरू झाली आणि प्रमोदिनी खेळ सोडून त्या एका पोरीला पाहत बसली, डोळ्यात तेल घालून. अनुराधा धावत होती. हेलनच्या वाटणीचीही शटलं काढत होती. वाटायचं, नाही, ही मनापासून खेळतेय. तेवढ्यात एखादं शटल ती हेलनसाठी सोडायची, हेलन ते जाळ्यात घालायची, आणि प्रमोदिनीच्या मनात पाल चुकचुकायची. मुद्दाम सोडलं? पुढच्याच शटलला अनुराधा जाऊन भिडायची, लांबून स्मॅश मारायची, पॉइंट मिळवायची. दाखवायला? एकदा मन तिकडे वळलं की जे दिसेल ते तसलंच दिसतं.

एक मात्र प्रमोदिनीलाही नवल वाटलं. कॅसलफील्डच्या सूझनची सर्व्हिस ही अवघड म्हणून अख्ख्या लीगमध्ये प्रसिद्ध, पण अनुराधा ती यायच्या आधीच जागेवर उभी असायची. ओळखीपाळखीचं खेळणं, दुसरं काय, असं म्हणून तिने तेही नवल बाजूला सारलं.

चार-चार झाले. शेवटची मॅच अनुराधा-हेलन आणि त्यांची पहिली जोडी यांची. तिसरा गेम, गुण सारखे. दोन्ही टीमच्या मुली कडेला उभ्या.

अनुराधाने मागे उडी घेत शटल परतवलं, ते सूझनच्या पायाशी पडलं आणि ॲबीगेटच्या मुली ओरडल्या. पॉइंट मिळाला होता. आणि अनुराधाने हात वर केला.

"हेअर," ती केसांना हात लावून म्हणाली. शटल केसांना घासून गेलं होतं. तो पॉइंट गेला, सर्व्हिस गेली.

असल्या मॅचला अंपायर नसतो, शटल अंगाला लागलं की खेळाडूने स्वतः हात वर करायचा. कुणी पाहो न पाहो. हे प्रमोदिनीनेच आठ वर्षं घोकून घेतलेलं. गेल्या ऑक्टोबरात मुली दुसऱ्या एका टीमची प्रॅक्टिस गॅलरीत लपून बघून आल्या, तेव्हा तिने सगळ्यांना मिनीबसमध्ये घालून नेलं आणि त्या कोचची माफी मागायला लावली. चोरून बघून जिंकायचं असेल तर घरी बसा, म्हणाली होती.

पण आज तो वर गेलेला हात तिने संशयानेच पाहिला. घासलं कुठे? कुणाला दिसलं? दिला, तिने मनात म्हटलं. अगदी हातात नेऊन दिला.

दोन मिनिटांत मॅच संपली. कॅसलफील्ड जिंकलं. हेलन रडायला लागली. अनुराधा जाळीपाशी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली, बराच वेळ.

चहाच्या टेबलापाशी प्रमोदिनी सँडविचवरचा ओला कपडा काढत होती. डॉबसन दारातूनच मान हलवून निघून गेला होता. शशिधर ताटली घेऊन पुढे आला.

"वहिनी, तुम्हाला खरं सांगू? मी आज हरणारच होतो."

"असं?"

"आता काय लपवायचं. तुमची टीम गेली तर पोरगी आमच्याकडे यावी म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो. तीन रविवार गाडीत घालून नेली. चुकलंच माझं, राजीवला तोंड दाखवायचीही लाज वाटतेय. पण ती काही बधली नाही. 'टीममध्ये येणार नाही, नुसता खेळायला येते,' म्हणायची. म्हटलं, येऊ दे, रमेल." त्याने सँडविचचा घास घेतला. "कशाला येत होती ते आज कळलं. सूझनची सर्व्हिस कुठे पडते, जिल डावीकडे कशी अडखळते, सगळं पाठ करून आलीय. आणि परवाच्या रविवारी त्या उंच ट्रेसीलाही घेऊन आली होती. 'मैत्रीण आहे, नुसती बघेल.' कपाळ माझं. मी मुलींना सांगितलं होतं, त्यांच्या पहिल्या जोडीचे तीन सोडून द्या. आणि तुम्ही जोडीच फोडलीत. का हो फोडलीत?"

प्रमोदिनीच्या हातातला कपडा ठिबकत होता. तिने तो घडी करून ठेवला, पुन्हा उलगडला.

"घ्या ना अजून एक," ती म्हणाली.

शशिधर दोन घेऊन आपल्या मुलींकडे गेला. प्रमोदिनीला बसावंसं वाटलं, पण खुर्ची लांब होती. मग अनुराधा आली. केस ओले, गळ्यात तोच जांभळा टॉवेल. आता तो लपवायचंही तिला भान नव्हतं.

"काकू, सॉरी."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला कळला होता ना, मी संडेला तिकडे जात होते ते?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती सरळ पाहत होती. "मला माहीत होता, तुम्हाला सांगितला तर तुम्ही नको म्हणणार. चोरून बघायचा नाही, तुम्ही सांगितला होता. तरी मी गेले. म्हणून तुम्ही पेअर तोडला. फेअर आहे. पनिशमेंट मला पाहिजेच होता. पण हेलन आणि भावना, त्यांचा काय चूक? माझ्यामुळे सगळ्यांचा टीम गेला."

ट्रेसी, भावना आणि बाकीच्या मागे थोड्या अंतरावर उभ्या होत्या. हेलन नाक पुसत होती.

हो म्हणणं किती सोपं होतं. पोरीने स्वतःच सगळं रचून, नीट घडी घालून पुढ्यात ठेवलं होतं. शिस्तीची कोच, चुकलेली मुलगी. उद्या मंडळात हीच गोष्ट सांगितली गेली असती आणि चार जणींनी प्रमोदिनीचं कौतुकच केलं असतं.

"नाही," प्रमोदिनी म्हणाली. "तुझ्यामुळे नाही गेली."

"मग कुणामुळे?"

प्रमोदिनीने ताटली टेबलावर ठेवली. चटणीची बोटं पदराला पुसली. मग तिने उजवा हात वर केला, मघाशी कोर्टावर अनुराधाने केला होता तसा, खांद्याच्या वर, बोटं सरळ, आणि तसाच धरून ठेवला.

अनुराधाने मागे वळून पाहिलं, काकू कुणाला बोलावतायत ते.