एका गेटवर चार दरवान

तेजराम गजभिये चौतीस वर्षं जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत दरवान होता, आणि त्या चौतीस वर्षांत त्याच्या गेटातून एक काडीपेटीसुद्धा आत गेली नाही. हे तो स्वतःच सांगायचा, दिवसातून एकदा तरी सांगायचा, त्यामुळं घरात सगळ्यांना ते पाठ झालं होतं. रिटायर झाल्यावर तो फॅक्टरीबाहेर प्लॉटवर बांधलेल्या घरात राहायला आला, पण अंगातलं गेट काही गेलं नाही. भाजीवाली दारात बसली की आधी तिच्या टोपलीत हात फिरवायचा आणि मग भाव विचारायचा. भाजीवालीनं शेवटी ती गल्लीच सोडली.

अशा माणसाच्या घरातल्या कंप्युटरनं बुधवारी सकाळी शिट्टी मारली आणि लाल अक्षरांत सांगितलं, 'तुमच्या संगणकात ३७ व्हायरस सापडले आहेत.' तेजरामला भर चौकात कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

कंप्युटर मुलानं, अनुपनं घेतला होता, पण अनुप फॅक्टरीच्या बसनं सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. कंप्युटरवर खरं काम सुनेचं, भावनाचं. बीएड करून तीन वर्षं घरी बसलेल्या भावनाला नागपूरच्या एका शाळेनं मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत शुक्रवारी अकरा वाजता, घरूनच, याच कंप्युटरवर. तिथं तिला आठवीचा विज्ञानाचा एक धडा शिकवून दाखवायचा होता. दोन महिने एकेक चित्र जमवून तिनं तो तयार केला होता. आता त्या धड्यावर टिचकी मारली की नुसतं गोल गोल फिरत राहायचं, उघडायचं काही नाही.

शिट्टी मारणाऱ्याचं नाव होतं 'सुपर रक्षक'. पडद्याच्या कोपऱ्यात टोपी घातलेला, झुपकेदार मिशांचा एक शिपाई बसलेला असायचा, तो हाच. आधीचा आठवडा तो गुमान होता, आता दर दहा मिनिटांनी बोंबलत होता. व्हायरस काढायला तो बँकेच्या कार्डाचा नंबर मागत होता. नंबर तेजरामनं दिला नाही, कारण तो सख्ख्या भावालाही देत नसे. पण सदतीस व्हायरस आहेत हे मात्र त्यानं मुकाट्यानं मानलं. वर्दीतल्या माणसाला, तू कोण आणि कुठून आलास, असं कोण विचारतं?

"गेट आपोआप उघडत नसते," तो बायकोला, वच्छलाला म्हणाला. "कोणीतरी आणलं असन."

कोणी आणलं, हे शोधायला त्याला पाच मिनिटं लागली. धान कापणीच्या निमित्तानं भावना माहेरी, सिहोऱ्याला गेली होती, ती रविवारी परतली होती. येताना तिनं एक पेनड्राइव्ह आणला होता. उन्हाळ्यात तिच्या भावाचं, विक्कीचं लग्न झालं, त्याचे फोटो त्यात होते. रविवारी तो कंप्युटरला लावला आणि बुधवारी ही आफत. तेजरामच्या हिशेबी खटला संपला होता.

जप्त केलेल्या मालाचं काय करायचं, हे त्याला शिकवायची गरज नव्हती. गेटवर सापडलेली काडीपेटी किंवा बिडीचं बंडल तो सगळ्यांदेखत पाण्याच्या बादलीत बुडवायचा, म्हणजे पुन्हा वाद नको. त्यानं टेबलावरचा पेनड्राइव्ह उचलला, अंगणात नेला आणि कपड्यांसाठी भरून ठेवलेल्या बादलीत टाकला. भावना तिथंच कपडे घासत बसली होती.

"माहेरून आलेला माल आधी तपासला पायजे होता," तेजराम म्हणाला.

भावनानं बादलीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. हात पुसून आत गेली. त्या दिवशी घरात भात झाला, वरण झालं, सगळं वेळेवर झालं, फक्त बोलणं झालं नाही. वच्छलानं वाढता वाढता एवढंच विचारलं, "अनुपचे बाबा, ते काय काडीपेटी होती?"

"व्हायरस होता," तेजराम म्हणाला आणि जेवत राहिला.

मग दुपारी व्हायरस काढणाऱ्याचा, म्हणजे अँटीव्हायरसचा शोध सुरू झाला. बादलीत पेनड्राइव्ह बुडवून आत शिरलेले सदतीस काही मरणार नव्हते, एवढं त्यालाही कळत होतं. विहारातला संघपाल म्हणाला, हिरव्या ढालीवाला टाक, माह्या जावयाकडं तोच आहे. ही गोष्ट पितळेच्या भांड्यांच्या दुकानदाराला, ताराचंदला कळली, तर तो फोनवर हसायलाच लागला. "हिरवा कायले? तो झोपते. लाल कुलुपवाला घे. पयला महिना फुकट." मोबाईलवरच्या एका व्हिडिओत एक माणूस निळ्याची इतकी तारीफ करत होता की बाकी दोघांना शिव्याच द्यायचा राहिला होता. कोणाचं ऐकावं? तेजरामला उमजेना. भाजी घ्यायची तर हातात घेऊन दाबून बघता येते. याचं काय दाबायचं?

शेवटी त्यानं गेटाचा कायदा लावला. मोठ्या कामाच्या जागी एक दरवान कधीच नसतो. बाहेर एक, आत एक, सेक्शनच्या दाराशी आणखी एक. पहिल्याच्या नजरेतून सुटला तर दुसरा धरतो. तेजरामनं हिरवा, लाल आणि निळा, तिन्ही टाकले आणि संध्याकाळी समाधानानं चहा प्यायला.

गुरुवारी सकाळी कंप्युटर सुरू व्हायलाच पाऊण तास लागला. मग जे सुरू झालं, ते बघून त्याचं डोकं चक्रावलं. हिरवा म्हणाला, व्हायरस शून्य. लाल म्हणाला, एकशे बारा. निळ्यानं त्या लालचीच मान धरली आणि हाच संशयित आहे म्हणून कळवलं. लालनं हिरव्याबद्दल तेच कळवलं. हिरव्यानं निळ्याला विलगीकरणात ठेवायची परवानगी मागितली, तेव्हा तेजरामला कोरोनाचे दिवस आठवले. आणि कोपऱ्यातला सुपर रक्षक शिट्ट्या मारतच होता, त्याचे सदतीसचे आता पन्नास झाले होते.

तेजरामनं वहीत लिहायला घेतलं, कोण कोणाला चोर म्हणतो ते. अर्ध्या पानानंतर त्यालाच कळेना की आपण काय लिहितो आहोत. गेटवर खोटं बोलणारा माणूस नजर चुकवायचा, घसा खाकरायचा. इथं नजरच नव्हती. सगळे सारखेच खरे बोलत होते आणि सगळे सारखेच खोटे. एक ना धड, भाराभर चिंध्या.

भावना दाराशी येऊन उभी राहिली. "मामाजी, उद्या अकरा वाजता मले हे लागन," ती म्हणाली. कालपासून ती त्याच्याशी बोलली ते एवढंच.

तेजरामनं टेबलाखालचा कंप्युटरचा डबा सोडवला, चादरीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन ऑटोनं भंडाऱ्याला गेला. बसस्टँडमागं तृप्तीचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. चाळिशीची बाई, चष्मा डोक्यावर चढवलेला, एका हातानं पोहे खात दुसऱ्या हातानं काम करणारी. तिनं डबा जोडून चालू केला आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली.

"किती टाकले, काकाजी?"

"तीन."

"चार दिसून राहिले."

"चौथा मी नाही टाकला. तो आधीपासूनच आहे, टोपीवाला," तेजराम म्हणाला. "त्याले नका काढू. तो चांगला आहे. त्यानंच तर खबर देली."

तृप्तीनं चमचा खाली ठेवला. "काकाजी, चोर तोच आहे. बाकीचे तिघं तर साजरे आहेत, पण एका गेटवर उभे केले म्हणून एकमेकाईचीच झडती घेऊन राहिले."

तेजराम हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. असले टोपीवाले आपणच शिरतात, आपणच बोंब मारतात आणि घाबरलेल्या माणसाकडून कार्डाचा नंबर काढतात, हे तिनं त्याला समजावून सांगितलं. सदतीस व्हायरस नव्हतेच. एकच होता, तो हाच, आणि त्याच्यामुळंच भावनाचा धडा उघडत नव्हता. कुंपणच शेत खात होतं.

"पेनड्राइव्हमधून आला तो?" तेजरामनं विचारलं.

"पाहू ना. कोण कधी आत आला ते लिहून राहते यात." तिनं यादी उघडली. "हे तिघं काल आले, बारा तारखेले. अन् हा टोपीवाला पाच तारखेले, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. कोणीतरी 'हो' दाबलं, तवा आला. पाच तारखेले पेनड्राइव्ह होता का लावलेला?"

पेनड्राइव्ह नऊ तारखेला घरात आला होता. पाच तारखेला भावना सिहोऱ्याला होती. त्या दिवशी पौर्णिमा, वच्छला विहारात होती. अनुप ड्युटीवर. घरात एकटा तेजराम होता, आणि तो पेन्शनचं पान शोधत कंप्युटरपुढं बसला होता. आता त्याला सगळं लख्ख आठवलं. मध्येच एक चौकट उघडली, 'धोका! संरक्षण हवे?' आणि खाली टोपीवाल्याचं चित्र. त्यानं 'हो' दाबलं होतं. दरवान आपणहून ड्युटीवर हजर झाला म्हणून त्याला बरंही वाटलं होतं.

"काकाजी, पानी देऊ काय?" तृप्तीनं विचारलं.

तिनं चौघांनाही बाहेर काढलं. मग गेटवर कोण, असं तेजरामनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "विंडोजचा स्वतःचा आहे ना. कंप्युटरसंगच येते. तुमी बाहेरचे आणले म्हणून तो बाजूले झाला. घरच्यासाठी तेवढा पुरते. त्याचे अपडेट येऊ द्या, अन् कोणी आपणहून दारात येऊन 'संरक्षण पायजे काय' म्हणलं, तर हो म्हणू नका." त्या घरच्याच दरवानानं दीड तास कोपरान् कोपरा तपासला, टोपीवाल्याचे उरलेसुरले तुकडे शोधून फेकले. मग तृप्तीनं भावनाचा धडा उघडून दाखवला. सगळी चित्रं जागच्या जागी होती.

परतीच्या ऑटोत डबा मांडीवर होता आणि तेजरामला तो येतानापेक्षा जड वाटत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यानं, तीही सुनेच्या डोळ्यांदेखत, तिच्या माहेराचं नाव घेऊन. त्याला लाज वाटत होती. पण लाजेच्या जोडीला एक विचारही सारखा येत होता. हे घरी कोणाला माहीत आहे? कोणालाच नाही. धडा शाबूत आहे, मुलाखत होईल. घरी जाऊन 'व्हायरस गेला' म्हटलं की झालं. पेनड्राइव्हमधूनच आला असेल, असं सगळे धरून चालतील आणि चार दिवसांनी विसरतील. खरंच विसरतील? भावना विसरेल? त्याला ठरवता येईना. आधीच्या गोंधळात निदान तीन रंग तरी होते.

घरी पोचला तेव्हा पाच वाजले होते. वच्छला अंगणाकडच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. भावनानं डबा घेतला, तारा स्वतःच जोडल्या, कंप्युटर लावला. धडा उघडला. तिनं एकेक चित्र पुढं सरकवून बघितलं आणि तिचा श्वास मोकळा झाला, तो तेजरामलाही ऐकू आला.

"गेला काय व्हायरस?" वच्छलानं विचारलं.

"गेला," तेजराम म्हणाला.

इथं थांबता आलं असतं. पण तो म्हणाला, "भावना, तो पाच तारखेले आला. पौर्णिमेले. तू सिहोऱ्याले होती, तुही सासू विहारात होती." त्यानं घसा खाकरला. "मीच घेतला आत."

वच्छलाचे हात सुपात थांबले. भावना पडद्याकडंच बघत राहिली.

"पेनड्राइव्हमधून नाही आला, हे मले माहीत होतं, मामाजी," ती म्हणाली. "विक्कीच्या लॅपटॉपवर तपासूनच आणला होता."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी विचारलं कुठं? गेटवर माणसाले तुमी आधी विचारत होते ना, काय आहे म्हणून? मंग झडती. तुमीच सांगता रोज. मले विचारलंच नाही. सरळ बादलीत."

तेजराम पलंगाच्या कडेवर बसला. एक दिवस उशिरा का होईना, त्यानं विचारलं, "काय होतं त्यात?"

"विक्कीच्या लग्नाचे फोटो."

"ते विक्कीजवळ असतीन."

"बाकीचे आहेत. एक नाही. तो मी माह्या मोबाईलमध्ये काढला होता. मोबाईल भरला म्हणून पेनड्राइव्हवर टाकला अन् मोबाईलमधून पुसला. कंप्युटरवर घ्याचा राहिला, अन् पेनड्राइव्ह वाळवूनही लागत नाही. फ्रेम कराचा होता."

"कोणाचा?"

"तुमचा," भावना म्हणाली. "वरातीत नाचून राहिले होते. दोन्ही हात वर करून, डोळे मिटून. हसून राहिले होते."

"मी?" तेजराम म्हणाला. "मी तर जनरेटरच्या गाडीजवळ उभा होतो."

त्यानं वच्छलाकडं बघितलं. वच्छला तेव्हा मांडवात होती, तिनं काही पाहिलं नव्हतं. तेजरामनं आठवून बघितलं. कोणीतरी हात धरून ओढलं होतं, बँडचा आवाज कानाशी आला होता आणि नंतर तो गाडीजवळ उभा राहून घाम पुसत होता. मधलं काहीच आठवत नव्हतं. फोटो नव्हता, दुसरा साक्षीदार नव्हता, आणि चौतीस वर्षांत नुसत्या शब्दावर त्यानं कोणाचं काही खरं मानलं नव्हतं.

भावना त्याच्याकडं बघत होती.

"तू म्हणते तर नाचलो," तेजराम म्हणाला.